माती ओली असतानाच बोला: शिल्पकलेच्या वर्गात एकमेकांच्या कामावर अभिप्राय कसा द्यावा

चित्रकलेच्या वर्गात एखाद्या चित्राबद्दल आज बोलायचे राहून गेले, तर पुढच्या आठवड्यात बोलता येते, कारण कॅनव्हास तोपर्यंत तसाच थांबलेला असतो. मातीकामात ही सवलत मिळत नाही, आणि नागपुरात तर मुळीच मिळत नाही. मार्च संपता संपता इथला पारा चाळिशीकडे सरकतो, मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास जातो, हवेत ओलावा उरत नाही, आणि सकाळी ओले कापड गुंडाळून ठेवलेल्या कामाची नाकाची शेंडी, कानाची पाळी, बोटांची टोके संध्याकाळपर्यंत पांढुरकी पडून तडकू लागतात. माती वाळली किंवा तिच्यावरून प्लास्टरचा साचा निघाला, की वर्गमित्राचा कितीही अचूक अभिप्राय कामाच्या उपयोगी पडत नाही; तो फक्त मनाला लागतो. मी अनेक वर्षे मातीकामाचा, म्हणजे मॉडेलिंगचा, वर्ग घेतो आहे, आणि माझे असे स्पष्ट मत झाले आहे की अभिप्राय कोणत्या शब्दांत द्यावा हा प्रश्न दुसरा आहे. तो कधी द्यावा हा पहिला. वर्षाच्या शेवटी, प्रदर्शनाच्या दिवशी, रंगवून चौथऱ्यावर ठेवलेल्या कामांपुढे उभे राहून केलेल्या चर्चेला अभिप्रायाची बैठक म्हणू नये.

एका कामावर तीन बैठका घ्याव्यात आणि त्या वेळापत्रकावरून न ठरवता मातीच्या अवस्थेवरून ठरवाव्यात.

पहिली बैठक मातीला आतून आधार देणारा तारेचा सांगाडा उभा राहिल्यावर, माती चढवण्यापूर्वी घ्यावी. बहुतेक वर्गांत ती होतच नाही, कारण तारेच्या आकृतीत पाहण्यासारखे काही असते असे विद्यार्थ्यांना वाटत नाही. प्रत्यक्षात आकृतीचा तोल, उभे राहण्याची ढब आणि एकूण उंची या तारेतच ठरून गेलेली असते, आणि मातीखाली गेलेली तार नंतर वाकवायची म्हणजे निम्मे काम मोडावे लागते. या बैठकीत डोळ्यांपेक्षा ओळंब्यावर, म्हणजे वजन बांधून सरळ खाली सोडलेल्या दोरीवर, विश्वास ठेवावा. एका पायावर भार देऊन स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. तो दोन पावलांच्या मधोमध उतरला तर भार दोन्ही पायांवर आहे, आणि पावलांच्या बाहेर पडला तर ती आकृती कशाला तरी टेकलेली, चालत असलेली किंवा पडत असलेली असायला हवी. डोके हे माप धरले तर प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, हेही इथेच मोजून घ्यावे. मातीचे वजन धरून ठेवण्यासाठी छातीच्या आणि डोक्याच्या जागी लाकडाच्या फुल्या टांगल्या आहेत का, आणि तार कुठे पृष्ठभागाच्या फार जवळ येणार नाही ना, एवढे पाहिले की काम संपते. प्रत्येक सांगाड्याला पाच मिनिटे पुरतात.

दुसरी बैठक खरी महत्त्वाची आहे. माती चढली आहे, डोके, छातीचा पिंजरा आणि कंबर हे मोठे आकार बसले आहेत, पण डोळे, ओठ, केस यांना अजून कुणी हात लावलेला नाही, अशा वेळी ती घ्यावी. विद्यार्थ्यांचा कल नेमका उलटा असतो. त्यांना डोळे कोरून झाल्याशिवाय काम दाखवायचे नसते, आणि एकदा सुरेख पापण्या कोरल्या गेल्या की डोके अर्धा इंच मागे घ्यायला हवे हे कुणी कितीही सांगितले तरी हात धजत नाही. म्हणून या बैठकीपूर्वी बारीक हत्यारे बाहेर काढू नयेत, हा नियम मी वर्गाच्या दारावर लिहून ठेवतो.

बैठकीची मांडणी अशी करावी. तीस जणांच्या वर्गाने एकदम एका कामाभोवती गोळा होऊ नये. पाच किंवा सहा जणांचे गट करावेत आणि एका बैठकीत गटातलीच कामे पाहावीत. काम फिरत्या स्टँडवर ठेवून ते पाहणाऱ्याच्या नजरेच्या पातळीला आणावे. ट्यूबलाइट बंद करून एकाच बाजूच्या खिडकीतून उजेड येऊ द्यावा, म्हणजे उंचवटे आणि खोलगट भाग यांच्या सावल्या आपोआप बोलू लागतात. कूलरचा झोत मात्र कामावर नसावा, कारण अर्ध्या तासात तो एक बाजू सुकवतो आणि दुसरी ओली राहते, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर भेग जाते. मग स्टँड ४५ अंशांनी आठ वेळा फिरवावा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबावे, आणि या चार मिनिटांत कुणीही बोलू नये. शिल्पाला आठच बाजू असतात असे नाही, परंतु समोरून आणि दोन्ही कुशींनी पाहून थांबणाऱ्या डोळ्याला तिरकस कोनांतून पाहायची सवय याने लागते. चुका बहुधा तिथेच लपलेल्या असतात. कामामागे पांढरी चादर धरून, डोळे किलकिले करून नुसती बाह्यरेषा पाहिली, तर हात आणि धड यांच्यामधल्या पोकळ्या किती बोलक्या आहेत किंवा किती मुक्या आहेत तेही कळते.

उभे राहण्याच्या जागांवर जमिनीवर खडूने खुणा करून त्यांना क्रमांक द्यावेत. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट फार उपयोगाची आहे, कारण शिल्पाबद्दलचे निम्मे वाद दोघे वेगवेगळ्या जागांवरून वेगवेगळ्या गोष्टी पाहत असल्यामुळे होतात.

आता बोलण्याविषयी. अभिप्राय देणाऱ्याने तीन गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात: मी कुठून पाहिले, मला काय दिसले, आणि त्यामुळे मला काय वाटले. शेवटी एक प्रश्न विचारावा. बसलेल्या म्हातारीच्या एका शिल्पाबद्दल एका विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे सांगितले होते, आणि मी ते नवीन वर्गाला नेहमी वाचून दाखवतो: “मी तीन नंबरच्या खुणेवर गुडघे टेकून पाहिलं. तिथून हनुवटी आणि छाती यांच्यामधली पोकळी बुजलेली दिसते. त्यामुळे आजी खाली पाहत नाही, झोपली आहे असं वाटतं. तुला ती झोपलेली हवी आहे का?” यात कौतुक नाही आणि टीकाही नाही, तरीही ते शिल्प करणाऱ्या मुलीने त्याच दिवशी हनुवटीखालची माती काढली आणि आजी मांडीवरच्या तांदळाकडे पाहू लागली.

“छान”, “मस्त”, “जबरदस्त” हे शब्द मी वर्गात बंद केलेले नाहीत. ज्याने आठ दिवस माती मळली त्याला ते ऐकायचे असतात आणि ते त्याला मिळायला हवेत. अट एवढीच की या शब्दांपाठोपाठ “कुठे” याचे उत्तर यावे. “पाठीचा बाक मस्त आहे, मणका दिसत नसूनही जाणवतो” असे म्हटल्यावर तो बाक पुढच्या दुरुस्तीत चुकून मोडला जात नाही. नुसते “मस्त” म्हटले तर काय जपायचे ते करणाऱ्याला कळत नाही. “काहीतरी चुकतंय” या वाक्यालाही हीच अट लागू आहे. ज्याला जागा सांगता येत नसेल त्याने थांबावे, पुन्हा एक फेरी मारावी, आणि तरीही जागा सापडली नाही तर “मला जागा सापडत नाही, पण पाच नंबरवरून मी अस्वस्थ होतो” असे प्रामाणिकपणे सांगावे. तेही उपयोगी पडते.

भाषा प्रमाणच असावी असा आग्रह धरू नये. आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी “खांदा लोंबून राहिला” हे जितके नेमके येते, तितके “खांद्याचा उतार अधिक आहे” हे येत नाही, आणि मातीला पहिले वाक्य लवकर समजते.

एका बैलाची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण चांगला अभिप्राय कसा असतो ते तिच्यात पूर्ण दिसते. पोळ्याच्या सुमारास प्राणी करायचे होते, आणि शहरात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने बैल निवडला. नागपुरात तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. त्याच्या डोळ्यांपुढे तोच लहानपणचा बैल होता. फूटभर लांबीचा तो बैल दुसऱ्या बैठकीला आला तेव्हा गटाने नेहमीप्रमाणे सुरुवात केली: “मस्त झाला बे”, “पाय जरा बारीक वाटून राहिले”, “शिंगं भारी”. काटोलकडच्या शेतकरी घरातली एक मुलगी काही न बोलता दोन फेऱ्या मारून आली. मग तिने विचारले, “याच्या मानेवर जू कुठं ठेवशील?” मुलाने लाकडी पट्टी घेतली आणि ती मानेवर आडवी धरून पाहिली. जू वशिंडाच्या, म्हणजे खांद्यांवरच्या उंचवट्याच्या, पुढे, मानेवर टेकते. त्याने वशिंड दोन बोटे मागे, जवळजवळ पाठीवर बसवले होते, त्यामुळे पट्टीला अडायला काही नव्हते आणि ती घसरत पाठीवर जात होती. पुढची पाच मिनिटे तो पट्टी धरून नुसता पाहत राहिला. वशिंड मागे गेल्यामुळे मान लांबली होती, मान लांबल्यामुळे डोके हलके वाटत होते, आणि पुढच्या पायांवर खांद्यांचा भार येत नसल्यामुळेच ते पाय सगळ्यांना बारीक वाटत होते. पाय जाड करून काहीही साधले नसते. त्याने तारेने वशिंड कापले, ते खांद्यांवर आणून बसवले आणि पायांना हात न लावता बैल जमिनीवर उभा राहिला.

त्या प्रश्नाने तीन गोष्टी साधल्या. त्याने एकच जागा दाखवली. हातात पट्टी घेऊन तपासता येईल अशा रीतीने ती दाखवली. आणि बैल करणाऱ्याच्या हुशारीविषयी किंवा अज्ञानाविषयी एक अक्षरही काढले नाही. शिवाय बोलणारी मुलगी स्वतःच्या अनुभवातून बोलली. प्रत्येक वर्गात असे जाणकार बसलेले असतात. सुताराच्या घरातल्या मुलाला लाकडाची शीर कळते, कबड्डी खेळणाऱ्या मुलीला वाकलेल्या गुडघ्यातला ताण कळतो, आणि शिक्षकाने त्यांना बोलते केले नाही तर हे ज्ञान वर्गाच्या बाहेरच राहते.

बोलण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. वरच्या वर्गातले विद्यार्थी गटात असतील तर लहानांना आधी बोलू द्यावे, कारण एकदा दादा किंवा ताई बोलून गेली की धाकटी मुले मान डोलावण्यापलीकडे जात नाहीत. शिक्षकाने सर्वांत शेवटी बोलावे, आणि जे आधीच नेमके सांगून झाले आहे ते पुन्हा सांगू नये.

दुसऱ्याच्या मातीला हात लावू नये. हा नियम शिक्षकालाही लागू आहे, आणि मी तो स्वतःवर बांधून घेतला आहे. “इथे थोडं दाब” असे म्हणत अंगठा पुढे जातो, ठसा उमटतो, आणि त्या क्षणापासून ते काम दोघांचे होते. दाखवायचे असेल तर काडीने दाखवावे, कागदावर रेघ ओढून दाखवावी, नाहीतर लिंबाएवढी वेगळी माती घेऊन तिच्यात तो आकार करून दाखवावा.

करणाऱ्याविषयी शंका घेणारे बोलणेही टाळावे. एखादे काम अनपेक्षितपणे चांगले उतरले, की “कुणी करून दिलं?” असे सहज विचारले जाते. १८७७ मध्ये ऑग्युस्त रोदँ या फ्रेंच शिल्पकाराची पूर्णाकृती पुरुषमूर्ती पॅरिसच्या सालोन या कलाप्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा ती इतकी जिवंत वाटली की त्याने जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा घेतला असा संशय घेतला गेला, आणि मॉडेलची छायाचित्रे पुढे करून त्याला स्वतःचा बचाव करावा लागला. संशयाने त्या मूर्तीविषयी कुणालाही नवीन काही सांगितले नाही.

आदरणीय व्यक्तींच्या अर्धपुतळ्यांची बैठक वेगळ्या काळजीने घ्यावी लागते. दीक्षाभूमीच्या या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा करावा असे दरवर्षी कुणाला तरी मनापासून वाटते, कुणी छत्रपती शिवाजी महाराज निवडतो, कुणी तुकडोजी महाराज. असे काम समोर आले की वर्ग गप्प होतो; दोष दाखवणे म्हणजे त्या व्यक्तीचा अनादर, असे मुलांना वाटते. त्यांना सांगावे की साम्य साधण्यासाठी केलेली प्रत्येक नेमकी सूचना हा आदरच आहे. मग नाव बाजूला ठेवून जागांविषयी बोलावे. चश्मा हे उत्तम उदाहरण आहे: शिल्पात काच करत नाहीत, फक्त चौकट करतात, आणि चौकट डोळ्याच्या खोबणीला चिकटली तर नजर मरते, फार पुढे आली तर चश्मा मुखवट्यासारखा वाटतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, नवख्याच्या हातून ते वर जातात आणि कपाळ आखूड होते. इथे मतभेदाला जागा नाही, कॅलिपर हे दोन टोकांमधले अंतर मोजायचे साधन घेऊन मोजावे. छायाचित्रे निदान तीन कोनांतली समोर ठेवावीत, कारण एकाच समोरच्या छायाचित्रावरून केलेल्या डोक्याचा मागचा भाग बहुधा सपाट निघतो.

ज्याचे काम पाहिले जात आहे त्याने बैठकीत बोलू नये आणि लिहूही नये. त्याने फक्त ऐकावे, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी टिपण करावे. लिहिणारा माणूस मान खाली घालतो आणि बोलणारा कुठे बोट दाखवतो आहे हे त्याला दिसत नाही. “सर, हे अजून व्हायचं आहे” हे वाक्य प्रत्येकाच्या ओठांवर येते, ते गिळावे. सगळ्यांचे झाल्यावर त्याने एकच गोष्ट सांगावी: मला यात काय करायचे होते. ती आधी सांगितली तर सगळ्यांना तेच दिसू लागते आणि बैठकीचा उपयोग संपतो.

मिळालेल्या सूचनांपैकी सगळ्या पाळायच्या नसतात. वेगवेगळ्या खुणांवरून पाहणाऱ्या दोघांनी एकच जागा दाखवली असेल, तर ती जागा तपासलीच पाहिजे, मग त्यांनी सुचवलेले उपाय एकमेकांच्या विरुद्ध का असेनात. जागा दाखवणारे सहसा बरोबर असतात. उपाय सांगणारे पुष्कळदा चुकतात, जसे बैलाच्या पायांबाबत चुकले. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आठही खुणांवरून मोबाइलने छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे बदल फसला तर कुठे परतायचे ते माहीत असते.

तिसरी बैठक माती चामड्यासारखी घट्ट झाली, पण अजून गार लागते आहे, अशा वेळी घ्यावी आणि ती छोटी ठेवावी. आता आकाराविषयी बोलू नये. साचा किती तुकड्यांत निघेल, कानामागे, हनुवटीखाली, बोटांच्या मध्ये प्लास्टर अडकेल असे अंडरकट कुठे आहेत, आणि काम भाजायचे असेल तर आतून पोकळ करून भिंत सगळीकडे सारखी ठेवली आहे का, एवढेच विषय घ्यावेत. पृष्ठभागाविषयी मात्र माझा एक आग्रह आहे: ओल्या स्पंजाने सगळे गुळगुळीत करून टाकण्याची सवय वर्गाने एकमेकांना लावू नये. बोटांचे ठसे कुठे ठेवायचे आणि कुठे पुसायचे हा निर्णय असतो, आणि तो करणाऱ्याने घ्यावा.

नव्या विद्यार्थ्यांना थेट एकमेकांच्या कामापुढे बसवू नये. ज्यांचे करणारे समोर नाहीत अशा मूर्तींवर आधी सराव करावा. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात, ते १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय यासाठी फार चांगले आहे. जोडीने जावे, एकाच दगडी मूर्तीपुढे वीस मिनिटे थांबावे, आणि कुठून, काय दिसले, काय वाटले या तिन्हींचे टिपण करावे. झीज झालेला चेहरा असलेली मूर्ती मुद्दाम निवडावी. नाक-डोळे नसले की मुले खांदे, कंबर आणि तोल यांच्याविषयी बोलू लागतात. गणपतीच्या आधीच्या दिवसांत महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, गेले, तर ओल्या मूर्तीजवळ कारागीर एकमेकांना काय सांगतात तेही ऐकायला मिळते. त्यांच्या कामात अडथळा न आणता बाजूला उभे राहावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते तेव्हाही वर्गाला घेऊन जावे. पिवळी आणि काळी मारबत गर्दीच्या डोक्यांवरून, चालताना, दुरून दिसण्यासाठी केलेल्या असतात आणि मिरवणुकीनंतर त्यांचे दहन होते. वर्गातल्या फिरत्या स्टँडवर हातभर अंतरावरून त्यांची पारख केली तर ती चुकीची ठरेल. मोठे डोळे, पसरलेले हात, ठळक रंग हे सगळे त्या अंतरासाठी आहे. ती मिरवणूक पाहिल्यापासून प्रत्येक बैठकीच्या टिपणाच्या माथ्यावर आम्ही एक ओळ लिहितो: हे काम कुठे, किती उंचीवर आणि किती अंतरावरून पाहिले जाणार आहे. उंच चौथऱ्यावर जाणारा पुतळा नजरेच्या पातळीवर पाहून दिलेला अभिप्राय अपुराच राहतो, म्हणून अशा कामासाठी पाहणाऱ्यांनी जमिनीवर बसावे.

बैठक संपली की गप्पा सुरू होण्याआधी कामावर पाण्याचा फवारा मारावा, नाक, कान, बोटे यांच्याभोवती ओल्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात, वरून मोठे ओले कापड आणि त्यावर पॉलिथिन घट्ट बांधावे. दोन दिवसांच्या आत अभिप्राय देणाऱ्यांपैकी निदान एकाने परत यावे, आपल्याच क्रमांकाच्या खुणेवर उभे राहावे आणि आपण दाखवलेल्या जागेचे काय झाले ते पाहून एक वाक्य सांगावे. यासाठी झाडणाऱ्या काकूंना आधीच विनंती करून ठेवावी लागते की तिसऱ्या दिवसापर्यंत जमिनीवरच्या खडूच्या खुणा पुसू नयेत.